बंद दाराआडचा हलवा

भोगी, संध्याकाळ. पेण.

आज रोह्याहून आलेल्या आत्याने स्वयंपाकघराचं दार ढकललं. मी परातीत तीळ फिरवत होते, वरून थोडा थोडा पाक सोडत. डाव्या हाताने.

"अगो, डाव्या हाताने? संक्रांतीचा हलवा?"

आई डावखुरी, पण चारचौघांत उजवाच हात वापरायची. हलवा करताना मात्र दार लावून घ्यायची. वारा लागला की काटा येत नाही, असं सांगायची. मी उजव्या हाताची, पण तिचंच बघून शिकले, त्यामुळे परातीत माझाही डावाच चालतो. आई गेल्यावर वर्षभर सण नव्हता. हा माझ्या हातचा पहिला हलवा. मग आत्याशी खोटं बोलायचं? कशाला?

म्हटलं, "आत्या, आईचाही डावाच हात होता. तू इतकी वर्षं डबे भरून नेलेस, ते सगळे डाव्याच हाताचे."

तिने परातीतला एक दाणा तोंडात टाकला.

"काटा तिच्यासारखाच हाय," म्हणाली, आणि जाताना दार ओढून घ्यायला लागली.

"राहू दे उघडं."

नंतर बराच वेळ दार उघडंच होतं. वारा येत होता. काटेही येत होते.