रिकामा फ्लॅश

मंचर,
दि. १४ ऑक्टोबर २००५

चि. सौ. निर्मलास मच्छिंद्रदादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक आहेत. परवा दसऱ्याला दुकानातल्या कॅमेऱ्यांची पूजा केली. नवा डिजिटल पुढं आणि जुने मागं, अशी रांग लावली होती. तुझी वहिनी म्हणाली, ते रोलचे कॅमेरे आता कशाला पुजताय, ते कधीच रिटायर झाले. मी म्हटलं, मग मलाही त्या रांगेत बसव आणि एक फूल वाहा. येडगावला तुमच्या शेताला पाणी सुटलं का? श्रेयाची शाळा कशी चाललीय? दाजींना नमस्कार सांग.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. सीझनमुळं उत्तराला उशीर झाला असं लिहिणार होतो, पण पितृपंधरवड्यात कसला आलाय लग्नाचा सीझन. खरं म्हणजे पत्र घेऊन बसायचो आणि उठायचो.

तू लिहिलंस, दाजींचा पुतण्या आदेश पुण्यात डिजिटल लॅबमध्ये लागलाय, खराब निगेटिव्हमधूनही तो माणूस काढून देतो, तर तुझ्या लग्नातल्या तात्यांच्या फोटोची निगेटिव्ह असेल तशी पाठव. काकूची नजर चाललीय, ती पुरती जायच्या आत तिला एकदा तात्यांना बघायचंय. आणि शेवटी लिहिलंस, 'तेवढ्या एकाच फोटोत तात्या माझ्याजवळ उभे आहेत, दादा. निघताना तर ते पुढंसुद्धा आले नाहीत.'

निर्मला, निगेटिव्ह खराब झालेली नाही. निगेटिव्हच नाही. आठ वर्षं मी तुम्हा दोघींशी खोटं बोललो.

पुढचं सावकाश वाच. मला ते सावकाशच लिहिता येईल.

आमच्या धंद्यात एक लबाडी होती, आणि ती सगळेच करायचे. मी ज्यांच्याकडं काम शिकलो त्या नारायणगावच्या चांगदेव मास्तरांनी पहिल्या महिन्यातच ती शिकवली. लग्नात आहेराच्या वेळी दोनशे माणूस स्टेजवर येतं. प्रत्येकाला वाटतं आपला फोटो निघावा, आणि नाही काढला तर पाहुणा रुसतो. रोलमध्ये फोटो छत्तीस. मग गळ्यात दुसरा जुना कॅमेरा ठेवायचा, त्यात रोल घालायचाच नाही. नुसता फ्लॅश उडवायचा. डोळे दिपले की माणूस खूश होऊन जेवायला जातो. अल्बममध्ये आपण नाही हे बघायला कोण येतंय? मास्तर त्याला रिकामा फ्लॅश म्हणायचे. मला तेव्हा त्याचं हसू यायचं.

तुझ्या लग्नाला, सत्त्याण्णवच्या मे महिन्यात, मी सहा रोल आणले होते. पाहुणे इतके आले की दुपारपर्यंत सगळे संपत आले. शेवटच्या रोलमध्ये तीन फोटो उरले, आणि ते मी पाठवणीसाठी राखून ठेवले. त्या वर्षी मला वेगळं काही करून दाखवायची खाज सुटली होती. सगळे समोरून फ्लॅश मारतात आणि नवरीचं तोंड पिठासारखं पांढरं करतात. मला दुसरा फ्लॅश नवरीच्या मागून मारायचा होता. पुढचा उडाला की तो आपोआप उडायचा, आणि पदराच्या कडेला उजेडाची रेघ यायची. पुण्याच्या एका दुकानात तसा फोटो पाहिल्यापासून मला झोप नव्हती.

तेवढ्यात तात्या स्टेजवर आले. तुला आठवतंय, त्यांचा फोटो कधी निघालाच नव्हता. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. मतदानाच्या कार्डाचे फोटो काढायला साहेब लोक आपल्या निरगुडसरला आले, तेव्हाही ते घाटाखालीच होते. त्या दिवशी मात्र नवा फेटा बांधून ते तुझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मच्छा, ल्येकीसंगं माझा एक काढ."

माझ्या हातात रिकामा कॅमेरा होता. भरलेला खांद्याला होता. तो घ्यायला कितीसा वेळ लागला असता? पण मी हिशेब केला की तीनातला एक गेला तर पाठवणीला दोनच उरतील. हे काय, घरचंच माणूस आहे, यांचा निवांत काढू कधीतरी. परका पाहुणा असता तर भिडेखातर काढलाही असता. माझे वडील गेल्यावर ज्या चुलत्यांनी मला पोटच्या पोरासारखं वाढवलं, त्यांना मी रिकामा फ्लॅश मारला.

ते ताठ उभे होते. पापणी हलवली नाही. फ्लॅश उडाल्यावर विचारलं, "आलो का रं?"

मी म्हणालो, "आला तात्या. झकास आला."

आखाडात तीन दिवसांच्या तापानं ते गेले. दहाव्याला नदीवर प्रवचनाला सगळा गाव बसला होता. बाकीच्यांच्या दहाव्याला हार घातलेला फोटो असतो. काकूनं मला निरोप धाडला होता की लग्नातला मोठा करून आण. मी मोकळ्या हातानं आलो आणि सांगितलं, पुण्याच्या लॅबवाल्यानं धुताना रोल जाळला. मग खुर्चीवर तात्यांचा फेटा ठेवला आणि त्यालाच हार घातला. काकू मला म्हणाली, "तुझा काय दोस रं बाबा." त्यानंतर मी निरगुडसरला यायचा कमी झालो. तुम्हाला वाटलं, दादाचा धंदा वाढला, दादाला गर्व झाला. मी तसं वाटू दिलं, कारण ते सोपं होतं.

तात्या मात्र माझ्याकडं यायचे थांबले नाहीत. खोटं वाटेल, पण फ्लॅश उडाला की डोळ्यांपुढं क्षणभर जो हिरवा डाग राहतो ना, त्यात ते उभे असतात. भर दुपारी, बँड वाजत असताना, नवरानवरीच्या शेजारी. फेटा, खुरटी दाढी, उघडे डोळे. मग फोटो धुऊन आले की मी एकेक तपासायचो. त्यात कोणी नसायचं. आता डिजिटलवर लगेच दिसतं, तरी मी बघतोच. वहिनी विचारते, काय शोधताय? मी म्हणतो, लाइट बघतोय. दुकानात फ्लॅश चार्ज होताना जी बारीक शिट्टी वाजते, ती वाजली की कुणीतरी हळूच 'आलो का रं?' विचारेल असं वाटून मी बटण बंद करतो. त्या लग्नानंतर रिकामा फ्लॅश पुन्हा मारला नाही. पण त्या शहाणपणाचा आता उपयोग कुणालाच नाही.

एवढंच असतं तर हे पत्र केव्हाच लिहून झालं असतं. खरं अवघड पुढं आहे.

पाठवणीच्या वेळी मागचा फ्लॅश धरायला उंच आणि स्थिर हाताचा माणूस हवा होता. मी तात्यांना बोलावलं. तुझ्या पाठीमागं मांडवाची कनात होती, तिच्याआड त्यांना उभं केलं आणि फटीतून हात वर काढायला लावला. कुठं धरायचा ते दाखवलं. सांगितलं, काही झालं तरी हलू नका, मी सांगेपर्यंत हात खाली घेऊ नका. त्यांना वाटलं लेकीचं काहीतरी महत्त्वाचं काम आहे. त्यांनी तो फ्लॅश दोन्ही हातांनी धरला.

तू काकूच्या गळ्यात पडलीस, मग मान वर करून गर्दीत त्यांना शोधायला लागलीस. "तात्या कुठंयत?" असं दोनदा विचारलंस. कुणीतरी म्हणालं, बापाला बघवंना, गेला असंल आडबाजूला. ते तुझ्यापासून दीड हातावर होते. मला ते माहीत होतं. नुसतं "तात्या, या" म्हणायचं होतं. पण तुझ्या डोळ्यांत पाणी होतं, पदराच्या कडेनं उजेड येणार होता, आणि तू अशी कुणाला तरी शोधत होतीस की तसा चेहरा सांगून मिळत नाही. मी तीन वेळा बटण दाबलं.

तोच फोटो माझ्या दुकानाच्या काचेत लागला. त्याच्यावरच माझं नाव झालं. लोक विचारतात, नवरी कुठं बघतेय हो?

आज सकाळी तो मी काढला आणि या पत्रासोबत पाठवतोय. तुझ्या पदरावरचा उजेड तात्यांच्या हातातला आहे. काकूला तो डोळ्यांजवळ धरून दाखव. पण तात्या आले असं तिला सांगू नकोस, ते त्यात नाहीत.

ते पुढं का आले नाहीत, हे तू आठ वर्षं मनात ठेवलंस. ऐक. तुमची जीप वळणावरून दिसेनाशी झाली, माणसं पांगली, मी वायरी गुंडाळायला कनातीमागं गेलो, तेव्हा तात्या तसेच उभे होते. तोंडावरून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात वर होते. मी त्यांना खाली घ्या म्हणालोच नव्हतो.

थोरल्यानं धाकटीला शेवटीही आशीर्वाद लिहायचा असतो. तो वर सवयीनं लिहून गेलो, पुन्हा लिहवत नाही. तुझ्या आणि काकूच्या पायांवर डोकं ठेवतो.

मच्छिंद्र