मागची टाच

राई, भाईंदर
ता. ९ जानेवारी १९७९

चि. सौ. सावित्रीस,
अ. उ. आ. इकडे सर्व क्षेम. आईचा खोकला थांबला. मिठागराची कचेरी चाललीय तशीच चाललीय.

काळ्या पट्ट्याच्या परीक्षेचं विचारलं होतंस. नापास झालो. मुंबईच्या मुख्य सरांनी एकच ठोसा दहादा मारायला लावला आणि सांगितलं, की माझी मागची टाच उचलली जाते, जोर कंबरेऐवजी खांद्यातून येतो, पायापासून पुन्हा शिकावं लागेल. सहा वर्षं मी कराटे करतोय, सावित्री, आणि चार वर्षं शाळेच्या पडवीत मुलांना हेच शिकवतोय.

पलीकडच्या आळीतली शालू आठवते ना? पहिला पवित्रा ती माझ्याकडेच शिकली. पुढे दादरला टेलिफोन ऑफिसात लागली, तिथून मुख्य सरांकडे जाऊ लागली. गेल्या वर्षी तिला काळा पट्टा मिळाला. धीर करून तिलाच विचारलं. आधी लाजली, मग म्हणाली, शिकवीन, पण माझं ऐकावं लागेल. आता रोज सकाळी त्यांच्या खळ्यावर जातो. पंधरा दिवस तिने नुसतं उभं केलंय. आई म्हणते, चाळीशीला आला न अजून उभा राव्हाला येत न्हाय.

मुलांना यातलं काही माहीत नाही. होऊही नये.

सर्वांना आशीर्वाद सांग, आणि दादाला हसून झालं की पत्र लिही.
तुझा,
पुंडलिकदादा

पेण
ता. २ फेब्रुवारी १९७९

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून ह्यांना चहाचा ठसका लागला. लहानपणी गणित चुकलं तर बाबांनाही बोट ठेवू द्यायचा नाहीस, आणि आता शालूपुढे पंधरा दिवस उभा! खरं सांगू, मला अभिमान वाटला.

पण एक गोष्ट घशाखाली उतरत नाही. आपलं चुकतंय हे तुला कळलंय, तरी दर गुरुवारी त्या मुलांना तेच शिकवतोस? तीही उद्या तुझ्या भरवशावर परीक्षेला जातील. लहान तोंडी मोठा घास झाला, रागावू नकोस.

आईची काळजी घे. बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नये.
तुझी,
सावित्री

राई, भाईंदर
ता. ४ मार्च १९७९

चि. सौ. सावित्रीस,
अ. उ. आ. रागावलो होतो. म्हणून उत्तराला उशीर झाला.

मग एका गुरुवारी शालूला वर्गावर घेऊन गेलो. मुलांना सांगितलं, "मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. आजपासून शालूताई शिकवेल. मी तुमच्याबरोबर शिकेन." आणि शेवटच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

शालू एकेकाचा पवित्रा नीट करत आली. माझ्यापाशी घुटमळली, पुढे निघाली, पुन्हा वळली. म्हणाली, "सर, टाच." कुणीतरी हसलं. मी टाच टेकवली.

दोघे जण त्यानंतर आले नाहीत. त्याचं वाईट वाटतं. माझीही टाच दहातून एकदा अजून सुटतेच. मे महिन्यात परीक्षा आहे, नाव दिलंय.

चार वर्षांत माझ्या वर्गात कुणी कधी काही विचारलं नव्हतं. मला वाटायचं, ही शिस्त. परवा वर्ग सुटल्यावर सहा-सात जण थांबले. लवू म्हणाला, त्याचं मनगट वाकतं का ते बघा. दुसऱ्याला गुडघ्याचं विचारायचं होतं, तिसऱ्याला माझाच ठोसा बघायचा होता. शाळेचा शिपाई किल्ल्या घेऊन दारात येईपर्यंत आम्ही एकमेकांच्या चुका शोधत होतो.

अशीच खरं बोलत जा, आणि जीव लावत जा.
तुझा,
पुंडलिकदादा