मस्कतमध्ये आलेली नाशिकची हाक

मस्कत,
४ ऑक्टोबर २००३

ती. छायाताईंना लतिकाचा नमस्कार,

लग्नात तुम्ही माझ्या कानात म्हणाला होतात, "माझ्या भावाचा घसा बसला ना, तर तो बायकोलाही सांगणार नाही." तेव्हा मी हसले होते.

आम्ही दोघं खुशाल आहोत. गिटार घेऊन हे स्टेजवर गायला उभे राहिले, की पन्नाशी उलटलीय असं वाटत नाही. (कलप मीच लावते.) सायखेड्याच्या आत्यांचा गुडघा कसा आहे?

ताई, शेवटच्या गाण्याआधी हे ज्या गावात असतील त्या गावाला हाक देतात, तुम्हाला ठाऊकच आहे. परवा इथे स्पीकरमधून हाक आली, "काय नाशिककर, झोपलात का?" लोक खूप हसले. मी पडद्याआडून बघत होते. त्या क्षणी यांच्या तोंडाला पाण्याची बाटली होती.

हॉटेलवर विचारलं, तर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अगं, गावाची आठवण आली, निघालं तोंडातून." मग गरम पाणी मागितलं, तेही खुणेनं. मला वाटतं, गेल्या वर्षी नाशिकला गायले त्याचीच टेप लावतात आणि नुसते ओठ हलवतात. तुमच्याशी ते फोनवर शेवटचं कधी बोलले, आठवतं का? मीच बोलते ना सारखी?

दिवाळीला तुम्ही नाशिकला गंगापूर रोडवर ठेवलेला यांचा शो रद्द करा. आल्या आल्या त्यांना डॉक्टरांकडे नेऊ. तुम्ही पास वाटून बसला असाल, "माझा भाऊ गाणारच," म्हणाल. तरी विचारते. कराल रद्द?

तुमची भावजय,
लतिका