तळघरातून काय वर येतं?

ग्रिंडल कोव्ह, मेन
९ ऑक्टोबर

आदरणीय हेस्टरताई,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकणं आता कागदापुरतंच. खरोखर वाकलो तर उभं करायला शेजाऱ्यांना हाका माराव्या लागतात.) तुझा डावा गुडघा कसा आहे? मांजराचा दमा? दुलूथला बर्फ पडायला लागलं असेल तर दाराच्या पायऱ्या तू स्वतः झाडू नकोस. पंच्याऐंशीव्या वर्षी तू कुणाचं ऐकशील असं नाही, पण लिहून ठेवलेलं बरं. मी ठीक आहे. नुसता ठीक नाही, गेल्या शनिवारपासून इतका हलका झालो आहे की सकाळी बंदरावर फिरायला जाताना खिशात दोन दगड ठेवावेत की काय असं वाटतं. त्याचं कारण सांगण्यासाठीच हे पत्र. तेवढं निवांतपणे वाच, आणि कृपा करून शेवटचं पान आधी वाचू नकोस.

तुझी ती खोड मी विसरलेलो नाही. आई शनिवारी घेवडा शिजवत असायची, मी चुलीशेजारच्या बाकावर एखादी रहस्यकथा घेऊन जीव मुठीत धरून बसलेला असायचो, आणि तू जाताजाता खिडकीतून डोकावून म्हणायचीस, “माळ्यानं मारलं.” तुला पहिल्यापासून वाचायचा धीर नव्हताच. तू शेवटचं पान वाचायचीस, समाधानानं मान डोलवायचीस आणि मग माझ्या आनंदाचा मुडदा पाडायला निघायचीस. आणि ती घंटेची कविता! सातवीचं तुझं वाचनमालेचं पुस्तक माझ्याकडे आलं तेव्हा त्या कवितेचं शेवटचं कडवं तू केस कुरळे करायच्या कागदांसाठी फाडून नेलं होतंस. धुक्यात बोट हरवते, पाण्यावर तरंगणारी घंटा वाजत राहते, नावाडी आवाजाच्या रोखानं वल्हवतो, आणि बस, पुढे पुठ्ठा. बोट किनाऱ्याला लागली की नाही हे मला आजतागायत माहीत नाही. तू सांगायला आलीस तेव्हा एकदाच मी कानात बोटं घातली, आणि पुढे मास्तर झाल्यावर अडतीस वर्षं ती कविता तशीच, कडव्याविना शिकवली. शेवट मुलांनी लिहायचा. धुक्याच्या दिवशी खिडक्या उघडून मी ती म्हणायचो, बाहेर खरी घंटा वाजत असायची, आणि मागच्या बाकावरची कोळ्यांची पोरंसुद्धा डुलकी सोडून ऐकायची. असो. ते दिवस गेले; खिडक्याही आता उघडत नाहीत, नव्या शाळेत त्या भिंतीत पक्क्या बसवल्या आहेत.

तर मुद्दा. आमच्या साप्ताहिकात नव्या रहस्यकथा आणि भयकथांचं परीक्षण मी एकोणीस वर्षं लिहितो, हे तुला ठाऊक आहेच. (मला खरं तर कवितांबद्दल लिहायचं होतं. पण ग्रिंडल कोव्हला हिवाळ्यात खून आणि भुतं याखेरीज काही वाचत नाहीत.) भयकथा मी सकाळी दहा वाजता, स्वयंपाकघरात, रेडिओ चालू ठेवून वाचतो. हे कुणाला सांगू नकोस. सप्टेंबरात “या हंगामात वाट पाहावी अशी पुस्तकं” ही यादी देतो, तीही प्रकाशकांच्या सूचीपत्रकांवरून, एकही पुस्तक हातात नसताना. सगळेच तसं करतात. पुस्तक न वाचता त्याची वाट पाहणं, यासारखं सुख नाही, ताई. तेव्हा सगळीच पुस्तकं चांगली असतात.

या वर्षी मात्र संपादकीणबाईंनी मला बोलावून घेतलं. मार्लिस तिचं नाव. हिच्या आईला मी शिकवलं, आणि ही मला खुर्चीत बसवून शिकवू लागली. “लिबी सर, मागच्या परीक्षणात तुम्ही चार परिच्छेद धुक्यावर लिहिलेत आणि मुडद्यावर एक ओळ. लोक फोन करून विचारतात, अहो, पुस्तक घ्यायचं की नाही?” मी म्हणालो, धुकं सुंदर होतं. ती म्हणाली, “धुकं फुकट मिळतं, सर, दार उघडलं की झालं. ऑक्टोबरचा अंक बघू. तोही असाच आला, तर ती जागा मी भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाला देईन.” एकोणीस वर्षं, ताई! गुरुवारी सकाळी दुकानात डोनट घ्यायला गेलो की कुणीतरी म्हणतं, “काय सर, आज कुणाला मारलंत?” तेवढ्यासाठी मी दाढी करतो. ते गेलं तर गुरुवार आणि बुधवार यांत मला काही फरक उरला नसता.

आणि ऑक्टोबरच्या अंकासाठी पुस्तक कोणाचं, तर विनी टूथेकरचं. बोटीच्या धक्क्यावर तिकिटं देणारी विनी, तू गेल्या खेपेला तिच्याशी सुट्या पैशांवरून भांडली होतीस तीच. अठ्ठावन्नाव्या वर्षी बाईनं पहिली रहस्यकथा लिहिली, “अकराव्या बोटीची वाट”. दोन वर्षं अख्खं गाव तिची वाट पाहत होतं, कारण प्रत्येकाला वाटत होतं आपण त्यात आहोत, आणि कित्येकांना भीती होती की मुडदा आपणच आहोत. प्रकाशकानं जुलैत मला आगाऊ प्रत पाठवली. अशा प्रती कच्च्या असतात, चुका दुरुस्त केलेल्या नसतात, त्यामुळे काही वेडंवाकडं दिसलं तर समंजसपणे दुर्लक्ष करायचं, असा आमच्या धंद्यातला रिवाज आहे. माझा घात या समंजसपणानं केला.

पुस्तक झकास आहे. धक्क्याजवळची खानावळ, खानावळवाली झुलत्या खुर्चीत मरून पडलेली, सहा भाडेकरू, आणि शोध घेणारी तिकीटवाली मिस बार्टलेट, जी प्रत्येकाला परतीचं तिकीट हवं की एकेरी, यावरून माणूस ओळखते. दोनशे छप्पन्नाव्या पानाच्या तळाशी मिस बार्टलेट सगळ्यांना दिवाणखान्यात जमवते, दिव्याची वात मोठी करते, आणि म्हणते, स्वल्पविराम. पान उलटलं. वर पहिलीच ओळ: “तोंडातून हिरवा फेस.” मी थबकलो. पण म्हटलं, कच्ची प्रत आहे, एखादी ओळ गळली असेल. पुढे मिस बार्टलेट कुठेच नाही, तिच्या जागी कुणी डॉक्टर वेस्टरगार्ड. म्हटलं, नवीन लेखनात असं चालत असावं. धक्का गेला, दलदल आली. एक कुत्रा आला, जो अडीचशे पानांत कधी भुंकला नव्हता. मग तळघराच्या पायऱ्यांवर ओल्या पावलांचा आवाज, खालून काहीतरी वर येतं, आणि तिथून बत्तिसाव्या पानापर्यंत डॉक्टर, त्याची बायको, पाद्री आणि तो बिचारा कुत्रा, सगळे खलास. मी पुस्तक मिटलं. सकाळचे अकरा वाजले होते. मी स्वयंपाकघरातले सगळे दिवे लावले. तिकीट खिडकीमागे चाळीस वर्षं ही बाई एवढं सगळं पोटात घेऊन बसली होती, या विचारानं मला तिच्याविषयी आदर वाटला आणि बोटीविषयी धास्ती.

मार्लिसला भय हवं होतं, मी ओतलं. धुक्याला हात लावला नाही. शेवट फोडायचा नाही हे आमचं व्रत, ते तुझ्यामुळे मी लहानपणापासून कडक पाळतो, म्हणून कुत्रा, दलदल, डॉक्टर, कशाचंही नाव घेतलं नाही. एवढंच लिहिलं: “शेवटी तळघरातून जे वर येतं, ते वाचल्यावर मी भर दिवसा घरातले सगळे दिवे लावले. इतकी वर्षं आपण वर नांदत होतो आणि खाली हे होतं, हे कळलेला माणूस पुन्हा पहिल्यासारखा राहत नाही. असा शेवट करायचं धाडस तीस वर्षांत कुणी केलेलं नाही.” मार्लिसनं वाचून मला चक्क कॉफी पाजली. वेळापत्रकाचा विषय संपला. २ ऑक्टोबरच्या गुरुवारी परीक्षण पहिल्या पानावर चौकटीत आलं.

त्याच गुरुवारी दुपारी मी दुसरं एक पुस्तक वाचायला काढलं. त्यात खूण म्हणून एक पोस्टकार्ड घातलेलं होतं. (आलेली पोस्टकार्डं मी खुणेसाठी वापरतो, वाचायची राहून जातात.) ते विनीच्या प्रकाशकाचं निघालं, तीन आठवड्यांपूर्वीचं. बांधणीतल्या चुकीमुळे काही आगाऊ प्रतींना शेवटची बत्तीस पानं दुसऱ्याच एका भयकथेची जोडली गेली आहेत, तरी परीक्षकांनी त्या प्रती बाजूला ठेवाव्यात, तसदीबद्दल दिलगीर आहोत.

ताई, मी अंक पुढ्यात ओढला. मग परीक्षण पुन्हा वाचलं, एकेक शब्द, मुलांच्या वह्या तपासायचो तसं. खुनी कोण, ते लिहिलं नव्हतं. कोण वाचतं, कोण मरतं, नव्हतं. पण “तळघर” होतं. ते चौकटीत बसून माझ्याकडे बघत होतं. विनीच्या पहिल्या अडीचशे पानांत तळघराचा उल्लेख मला आठवेना. म्हणजे मंगळवारी दुकानात आलेलं खरं पुस्तक लोक घेणार, तळघर शोधणार, सापडणार नाही, आणि लिबी मास्तर पुस्तक न वाचता लिहितो हे जानेवारीपर्यंत एवढ्याशा पोरालाही ठाऊक होणार. शुक्रवारी मी घराबाहेर पडलो नाही. डोनट सोडले. मार्लिसला द्यायचा राजीनामा लिहिला. तो चांगला उतरला होता, थोडं धुकंही घातलं होतं.

शनिवारी सकाळी दार वाजलं. बाहेर विनी, हातात तो अंक, डोळे लाल. मी म्हणालो, “विनी, मला माफ कर.”

“कशाबद्दल? शाळेत सी श्रेणी दिल्याबद्दल? ते मी केव्हाच केलं.” ती आत आली आणि कोट न काढताच बसली. “सर, तुम्हाला तळघर कसं दिसलं?”

मी उठून कॉफी ठेवली. (गप्प बसणं मला मास्तरकीत कधी जमलं नाही; त्या दिवशी देवानंच जमवलं.)

“संपादकाला ते काढून टाकायचं होतं. शेवटच्या चार पानांत कशाला आणता म्हणाला, कुणाच्या लक्षातही येणार नाही. बोस्टनच्या त्या परीक्षकानं घड्याळावर लिहिलंय, खुर्चीवर लिहिलंय. तळघराचं कुणी अक्षर काढलेलं नाही. मी भावाला म्हटलं, एकाच माणसाला कळेल, कारण त्यानं ते आधी वाचलंय.”

“आधी?” मी विचारलं, शक्य तितकं सहज.

“सातवीत हो, सर! घंटेची कविता. शेवट आम्ही लिहायचा होता. मी लिहिलं होतं ना, तेच वर येतं. तुम्ही खाली लाल शाईनं लिहिलंत, ‘कल्पना बरी, पण यमक कुठे आहे?’ आणि सी.” ती हसायला लागली, हसताहसता नाक पुसलं. “पंचेचाळीस वर्षं लक्षात ठेवलंत. आणि लोक म्हणतात म्हातारा धुक्यात असतो.”

मी मान हलवली. कोणत्या दिशेनं, ते मला आता सांगता येणार नाही. तिनं माझ्याकडचा ब्लूबेरी पाय खाल्ला, दोन तुकडे, आणि पंचवीस तारखेच्या लायब्ररीतल्या कार्यक्रमात तिची ओळख मी करून द्यायची असं ठरवून गेली. ती वळणावर दिसेनाशी झाल्यावर मी राजीनामा चुलीत घातला. दाढी केली. डोनट आणायला गेलो, शनिवार असूनही, आणि दुकानात म्हातारी मिसेस पिंकहॅम म्हणाली, “मास्तर, त्या तळघरानं मला झोप नाही.” मी म्हणालो, मलाही नाही. हे अगदी खरं होतं. पण ताई, सुटलो! त्या कवितेतल्या नावाड्यासारखा वल्ह्याच्या होडीत बसून धुक्यातून निघालो होतो, कुठली दिशा ते ठाऊक नव्हतं, आणि बोट चक्क आपल्याच धक्क्याला येऊन लागली.

मांजराला माझ्यातर्फे थोपट. गुडघ्याला लोकर बांध.

तुझा धाकटा भाऊ,
ऑरिन

ता. क. एक बारीकसं काम आहे. पंचवीस तारखेला सगळ्या गावासमोर मला तळघराबद्दल दहा मिनिटं बोलायचं आहे, आणि तळघरातून काय वर येतं हे मला माहीत नाही. विनीनं सातवीत काय लिहिलं होतं, तेही आठवत नाही. माळ्यावरच्या पेट्या उपसल्या, वह्या उंदरांनी खाल्ल्या आहेत. (यमक नसतानाही.) इथल्या दुकानातून पुस्तक घेतलं तर ‘सर, तुमच्याकडे तर आहे की!’ लायब्ररीत बावीस जण रांगेत आहेत आणि यादी भिंतीवर लावलेली असते. तुमच्या दुलूथच्या मोठ्या दुकानात ते नक्की असेल. शेवटची बत्तीस पानंच वाच. आधीचं मी वाचलं आहे. तुझी वाचायची पद्धत आयुष्यात प्रथमच बरोबर ठरते आहे, याचा फार गर्व करू नकोस.

ता. क. २. उत्तर बंद पाकिटातून पाठव. फोन नको, तुला ऐकू येत नाही आणि हा प्रश्न खिडक्या उघड्या ठेवून ओरडण्यासारखा नाही. पोस्टकार्ड तर मुळीच नको, आमचा पोस्टमन क्लीटस पोस्टकार्डं वाचल्याशिवाय देत नाही, तो त्याला कामाचाच भाग समजतो.

ता. क. ३. पाकीट चिकटवतच होतो, तेवढ्यात क्लीटस आला. पत्र हातात घेऊन घुटमळला आणि हळूच म्हणाला, “मास्तर, ती बत्तीस पानं मिळाली का मग?” म्हणजे त्याला महिनाभर माहीत होतं! मी विचारलं, कुणाला बोललास? तो दुखावला. “टपालातलं बाहेर सांगतो होय मी? फक्त वाचतो.” मग फाटकाला टेकून म्हणाला, “आमच्या हिनं पुस्तक आणलंय, रात्रीत संपवलं. हवं तर सांगतो, वर काय येतं ते. एका शब्दाचं काम आहे.”

ताई, मी दोन्ही कानांत बोटं घातली आणि त्याला पाकीट चिकटेपर्यंत थांब असं डोळ्यांनीच सांगितलं. शेवट फोडायचा मान आपल्या घरात एकाच माणसाचा आहे. लवकर लिही.