पाटणकर साहेबांचं मानपत्र

६ मार्च १९८९, सोमवार. अंबरनाथ

सकाळी उल्हासनगर, कॅम्प पाच. लछूभाईंच्या पापडाचं पत्रक चौथ्यांदा लिहिलं. त्यांना 'चविष्ट' नको. "ताई, चविष्ट कौन समझता है? एकदम टेस्टी डालो ना." मग मराठीत कशाला हवं, विचारलं. "मराठी गिऱ्हाईक को अच्छा लगता है." टेस्टी लिहून दिलं. खाली त्यांनी स्वतःच्या हाताने 'शुद्ध शाकाहारी पापड' जोडलं. मटणाचे पापड मी अजून पाहिले नाहीत. डोकं दुखतंय.

घरी आले तर गायकवाड ओट्यावर बसलेला. ह्यांच्याच कंपनीतला, ह्यांच्याच मशीनवरचा. पाटणकर साहेब महिनाअखेर रिटायर होतायत, कामगारांतर्फे मानपत्र द्यायचंय. "वहिनी, तुमच्यासारखं कोण लिहिणार?"

चहा दिला. तो कपात बघत राहिला. शेवटी हो म्हटलं. का, ते मलाच नीट

८ मार्च

सुमी कॉलेजातून आली ती भांडायच्याच तयारीने. "आई, बाबांची चूक होती असं ज्याने लिहून दिलं, त्याची आरती तू लिहिणार?" भाकरी करपली. तीच वाढली दोघींना.

तेव्हा ती बारा वर्षांची होती. तिला ऐकून माहीत. रोलरवरची जाळी तुटलीय, हे ह्यांनी साहेबांना तीनदा सांगितलं होतं. दर वेळी घरी येऊन मलाही सांगायचे. हात आत ओढला गेला, तिसऱ्या दिवशी गेले. रिपोर्टात आलं, कामगाराचा निष्काळजीपणा. चौथी शिकलेली मी. हा शब्द पहिल्यांदा त्या कागदावर अक्षर अक्षर जुळवून वाचला. मग त्याविरुद्ध अर्ज लिहायला शिकले. अर्जाचं काही झालं नाही, पण शेजारणी आपापले अर्ज घेऊन यायला लागल्या. मग लग्नपत्रिका, शाळेतली भाषणं, पापड. सात वर्षं झाली.

११ मार्च

मानपत्राच्या कमिटीने मुद्दे पाठवले. कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, पितृतुल्य. रिटायर होणारा प्रत्येक माणूस पितृतुल्य असतो. शेवटचा मुद्दा: 'आपल्या कारकिर्दीत खात्यात एकही अपघात झाला नाही.'

दुपारी काही केलं नाही. कपडे वाळत घालायचे राहिले.

१३ मार्च

गायकवाडला बोलावून कागद समोर ठेवला.

"अहो वहिनी, मागच्या साहेबांच्या मानपत्रावरून मुद्दे उतरवले. दरवेळी तसंच करतात. कोणाच्या लक्षात नाही आलं."

सात माणसं बसली असतील, भजी खाल्ली असतील. सातांतल्या चौघांनी ह्यांना खांदा दिलाय. मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. हे विसरले.

१६ मार्च

मानपत्र लिहिलं, ते वाक्य वगळून. आठ हंगामी माणसांना साहेबांनी कायम केलं, ते घातलं. पुरात कंपनीची गाडी वस्तीत पाठवली, तेही घातलं. खरं आहे म्हणून घातलं. पितृतुल्य घातलं नाही.

बदलापूरच्या साप्ताहिकाचं उत्तर आलं. वाचलेल्या पुस्तकावर मी दोन पानं पाठवली होती. संपादक लिहितात, छान आहे, पण बायकांच्या सदरात कैरीचं लोणचं बरं. लोणचं लिहिलं. मीठ किती ते मुद्दाम लिहिलं नाही. नंतर जिवाला लागलं, बरण्या खराब होतील लोकांच्या. पुन्हा लिहिलं.

२० मार्च

मानपत्र परत आलं. लाल पेनाने ते वाक्य जसंच्या तसं खाली घातलेलं. गायकवाड म्हणतो, "मुंबईहून मोठे साहेब येणार. सेफ्टीवर एक वाक्य पाहिजेच म्हणतात." आणि वाचायचंही मीच. आवाज चांगला आहे म्हणे, मागे जयंतीला भाषण केलं होतं ना.

"कमिटीत कोणाला काही वाटलं नाही?"

"वाटलं ना. म्हणून तर तुम्हाला मान दिला वाचायचा."



२३ मार्च

सेफ्टीवर वाक्य हवं ना. लिहिलं.

'आपल्या काळात खात्यात एक अपघात झाला. रोलरची जाळी तुटलेली होती. त्यात आमचे सहकारी दत्ताराम कांबळे गेले. चूक त्यांची नव्हती.'

बाकी मजकूर तसाच ठेवला, साहेबांची स्तुतीही. ह्यांचं नाव अर्जांवर शेकडो वेळा लिहिलंय. चारचौघांत तोंडाने घेतलं ते लग्नात, उखाण्यात. त्यानंतर नाही.

सुमीला दाखवलं. तिने दोनदा वाचलं. मग म्हणाली, "स्तुती थोडी कमी कर." नाही केली.

२८ मार्च

संध्याकाळी गायकवाड कागद न्यायला आला. पेंटर अक्षरं काढून फ्रेम करणार. उभ्यानेच वाचायला लागला, मग खाली बसला.

"वहिनी, त्या चौकशीत माझा जबाब आहे. खाली माझी सही आहे."

"माहीत आहे. वाचता येतं मला."

"कधी बोलला नाहीत."

"सही तुमची, भावजी. मी काय बोलू?"

साहेबांनी लिहिलेलाच कागद पुढे ठेवला, म्हणाला. नोकरी नवीन, बायको बाळंतीण. हे मी मनात कधीपासूनच धरून चालले होते. मग म्हणाला, "ती जाळी मीच तारेने बांधायचो. रोज सकाळी. त्या दिवशी मला यायला उशीर झाला."

हे मला ठाऊक नव्हतं. ह्यांना ठाऊक असणार, पण घरी कधी बोलले नाहीत.

चहा केला. त्याने घेतला नाही. कमिटीचा कागद आणि माझा, दोन्ही उचलले. कोणता पेंटरला देणार, मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

३० मार्च

गायकवाडकडून निरोप नाही. सुमी म्हणते, जाऊन विचार. नाही जाणार. सात वर्षांत त्या सहीबद्दल त्याला एकदाही विचारलं नाही मी. आता विचारलं तर तो माझ्या भिडेने करेल.

लछूभाईंची पत्रकं छापून आली. टेस्टी चुकीचं छापलंय. आता पुन्हा कॅम्प पाच.

३१ मार्च, शुक्रवार

कार्यक्रम चारला, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये. सुमीने निळी साडी इस्त्री करून ठेवली, स्वतःही तयार होऊन बसलीय. येऊ नको म्हटलं होतं.

दुपारी गायकवाडची बायको सांगून गेली, साडेतीनला न्यायला येतायत. फ्रेम त्यांच्याकडेच आहे, कागदात गुंडाळलेली. तुम्ही पाहिली का विचारलं, तर म्हणे, हात लावू देत नाहीत.

म्हणजे काय लिहिलंय ते मला माईकसमोर उभी राहिल्यावरच कळणार. कमिटीचं वाक्य असेल तर तिथे थांबेन, की पुढे वाचेन, की

चष्मा पुसून ठेवलाय. तीन वाजून वीस मिनिटं.