बाहुल्यामागे

आईस दारिमचा बोर्निओहून सलाम.

मी ठणठणीत आहे. इथली मांजर माझ्याच चपलेवर झोपते. आपली कोंबडी अंडी घालते का गं?

गॅसच्या कारखान्यात माझं प्रशिक्षण चालू आहे. विषारी गॅसला कुजक्या अंड्यांचा वास येतो; तो अचानक थांबला, तर समजायचं की नाकच मेलंय, पळायचं. टाकीत कुणी पडलं, तरी त्याच्यामागे उतरायचं नाही. सरावात टाकीत बाहुला टाकला होता, तर मी उडीच मारली. मास्तर ओरडले, "मेलास लेका, तेही बाहुल्यामागं!"

मला तिथं बाबा दिसले, बोटीच्या मासळीच्या खणात असल्याच गॅसनं पडलेले. तेव्हाही मी उडी मारणार होतो; बोटीवरच्या कासदीकाकांनी मला धरून ठेवलं, म्हणून तू त्यांना भेकड म्हणालीस. अजून त्यांच्याशी बोलत नाहीस.

आता वास आला नाही की माझी झोप उडते.

बाबांच्या नावानं जेवण घालशील, त्या कंदुरीचा पहिला डबा काकांकडे पाठव.

तुझा, त्यांनी राखलेला,
दारिम