एका बोटापुरती ढील

तात्या, तुमच्या जीपला पट्टे नव्हते. निरवांगीतून बारामतीला वडापची माणसं भरून निघताना तुम्ही मला पुढं, गिअरच्या पलीकडं बसवायचात, खांद्यावरचा टॉवेल काढायचात आणि माझ्या छातीवरून नेऊन सीटमागच्या लोखंडी नळीला बांधायचात. गाठ मारून झाली की छातीपाशी टॉवेलखाली एक बोट सरकवायचात. बोट गेलं की गाडी सुरू. मी तेव्हा बालवाडीत होतो. त्याच साली तुम्हाला कावीळ झाली आणि तुम्ही गेलात, त्यामुळं माझ्याकडं तुमच्याबद्दल जे आहे ते मूठभरच आहे, आणि त्यातलं निम्मं आईनं सांगितलेलं. पण एक दिवस मात्र माझा स्वतःचा आहे. लासुर्ण्याच्या पुढं रस्त्याकडेला मेंढरांचा वाडा, धनगरांचा तळच, उतरला होता आणि तो बघायला मी गाठ सोडून सीटवर उभा राहिलो. तुम्ही जीप बाजूला घेतली. मागून माणसं ओरडायला लागली, कुणाला कारखान्यावर जायचं होतं, कुणाला कोर्टाची तारीख होती.  तुम्ही मला मारलं नाही. टॉवेल झटकला, परत बांधला, बोट सरकवलं आणि म्हणालात, "गाठ न्हाय तर गाडी न्हाय." एवढंच. मग उरलेल्या वाटेत माझ्याशी एवढ्या गप्पा मारल्यात की मी रुसायचं विसरून गेलो.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण असं की मीही आता त्याच रस्त्यावर गाडी चालवतो. मामाची इको आहे. कॉलेज अर्धवट सोडलं, ते तुम्हाला आवडलं नसतं, आणि ज्या कारणानं सोडलं ते तर त्याहून नसतं. हजेरीवरून सरांशी वाजलं आणि मी जर्नल त्यांच्या टेबलावर आपटून निघून आलो. आई म्हणते हा राग तुझ्या बापाकडनं आलेला न्हाय, माझ्या भावाकडनं आलाय. मामा म्हणतो, राग माझा न्या, पण गाडी घासू नका.

गावातल्या एक वहिनी दर बुधवारी माझ्या गाडीनं त्यांच्या पोरीला बारामतीच्या दवाखान्यात व्यायामाला न्यायच्या. पोरगी सव्वा वर्षाची, पण मान धरत नव्हती. मांडीवर आडवी धरून, डोक्याखाली कोपर घालून वहिनी अख्खी वाट बसायच्या, आणि उतरताना त्यांचा हात एवढा आखडलेला असायचा की पिशवी मी घ्यायचो. एका बुधवारी जंक्शनच्या अलीकडं उसाच्या ट्रॅक्टरनं, दोन ट्रॉल्या मागं, न बघता वळण घेतलं. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण पोरगी वहिनींच्या मांडीवरून घसरली आणि पुढच्या सीटच्या दांडीवर आपटली. कपाळावर जराशी खोक पडली, जास्त काही नाही. मी मात्र दार उघडून थेट ट्रॅक्टरवर चढलो आणि ड्रायव्हरची गचांडी धरली. मागून वहिनी एवढंच म्हणाल्या, "दादा, त्याला काय बघताय, हिला बघा की." दवाखान्यात पट्टी झाली. पुढच्या बुधवारी मी हॉर्न वाजवला तर दारात कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या बुधवारीही नाही.

आता दवाखान्यातल्या मॅडमबद्दल सांगावं लागेल. लेकरांचे व्यायाम घेतात त्या. माझ्याच वयाच्या असतील. खरं सांगायचं तर दर बुधवारी मी बाहेर गाडीत न थांबता आत बाकावर येऊन बसायचो, ते पंख्याच्या वाऱ्यासाठी नव्हे. त्या मोठ्या बॉलवर लेकरांना पालथं झोपवून हळूहळू हलवायच्या आणि त्यांच्याशी अशा बोलायच्या जणू ती मोठी माणसं आहेत. माझ्याशी मात्र लेकरांशी बोलावं तसं. दुसऱ्या बुधवारी मी एकटाच गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, पोरगी कुठंय? मी ट्रॅक्टरवाल्याला शिव्या घालत सगळी हकिकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, मान धरायचे हेच महिने आहेत, आता खंड पडला तर मागचं सगळं पाण्यात. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "भांडण झालं ना तुमचं? पोट भरलं? आता तिला बसायला सीट आणा."

कार सीट म्हणजे काय ते मला मोबाइलवरच्या फोटोतून कळलं. नवी घेणं त्या घराच्या आवाक्यात नव्हतं आणि माझ्याही नव्हतं. दवाखान्यातल्या मदत खिडकीवर विचारलं. तिथले साहेब चांगले होते, पण म्हणाले, कुबड्या मिळतील, चाकाची खुर्ची मिळेल, हे असलं आपल्याकडं कुणी मागतच नाही. मग मी मोबाइलला स्टेटस ठेवलं: लहान लेकराची गाडीतली सीट, वापरलेली, कुणाच्या माळ्यावर पडून असेल तर द्या. मित्रांनी जे उत्तर द्यायचं ते दिलं. एकानं विचारलं, लग्नाआधीच का रे? दुसऱ्यानं सलूनमधल्या पोरांच्या घोडा-खुर्चीचा फोटो पाठवला. शेवटी एमआयडीसीजवळच्या भंगारवाल्याकडं एक सीट दिसली. मी ती पुसून, अत्तर मारून मॅडमपुढं नेऊन ठेवली. त्यांनी उलटी केली, बुडाला कोरलेलं साल वाचलं, कडेच्या प्लॅस्टिकवरून अंगठा फिरवला. तडा होता. अपघातातल्या गाडीची असणार, ही नको, म्हणाल्या, फुकट मिळाली म्हणून लेकरू त्यात घालायचं नसतं. मला राग आला, पण त्यांच्यापुढं आवाज चढेना. बाहेर येऊन सीटवरच एक लाथ घातली. पायाला लागलं.

त्याच संध्याकाळी स्टेटसला एक उत्तर आलं. "आमच्या नातवाची आहे. तडा नाही. येऊन बघ." नंबर सेव्ह होता. तेच सर, ज्यांच्या टेबलावर मी जर्नल आपटलं होतं. तात्या, मी दोन दिवस गेलो नाही. ट्रॅक्टरवर चढायला मला क्षण लागला नव्हता, आणि सरांच्या दुसऱ्या मजल्यावर चढायला दोन दिवस लागले. मग बुधवार जवळ आला आणि गेलो. सरांनी दार उघडलं, चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "काय, जर्नल तपासायला आणलंस?" मी म्हणालो, नाही सर, सीट न्यायला आलोय. आत सरांच्या मिसेसनी कव्हर धुऊन गॅलरीत वाळत घातलं होतं. ओलं नेऊ नकोस, वास येतो, म्हणून त्यांनी मला चहा देऊन बसवलं, आणि कव्हर वाळेपर्यंत मी आणि सर एकमेकांसमोर बसून गॅलरीकडं बघत राहिलो.  निघताना मी माफी मागायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, राहू दे, सीट परत नको आम्हाला, तू परत आलास तर बघ. जिन्यात एकदा थांबलो होतो, पण हातात सीट होती, मागं वळायला जागा नव्हती.

मॅडमनी या वेळी सीट पास केली. गाडीत कशी बसवायची तेही दाखवलं. मधल्या सीटचे पट्टे कुठं आहेत तेच मला माहीत नव्हतं, मामानं रेक्झिनचं कव्हर चढवताना त्याखाली गाडून टाकले होते, ते ब्लेडनं कापून काढले. लेकराचं तोंड मागं, असं त्या म्हणाल्या, म्हणजे दणका बसला तरी मान धरलेली राहते. मंगळवारी मी सीट वहिनींच्या घरी पोचती केली, रात्रीतून सगळ्यांनी बघून घ्यावी म्हणून. म्हटलं, उद्या तयार राहा.

बुधवारी सकाळी हॉर्न दिला. वहिनी आल्या, पोरगी कडेवर, सीट नाही. आत बघतो तर सीट पडवीत पाटावर ठेवलेली, तिला हळदकुंकू लावलेलं, वर काळी बाहुली बांधलेली आणि सगळ्यावरून प्लॅस्टिकचा कागद. शेजारच्या दोघी बघायला आलेल्या. वहिनी म्हणाल्या, एवढी चांगली वस्तू गाडीत नेऊन धुळीत कशाला घालायची, घरी बसवू की तिला, काल जेवली पण तिच्यात. माझ्या तोंडात आलं होतं ते मी गिळलं. वहिनींची सासू दारातच काठी टेकून बसली होती. तिचं म्हणणं वेगळंच होतं.

"लेकरू आयच्या मांडीवर आसतं," ती म्हणाली. "बांधून न्यायाला त्ये काय चोर हाय?"

मी पायरीवर बसलो. ओरडलो असतो तर सीट त्या पाटावरच राहिली असती आणि पोरगी घरात, एवढं मला कळत होतं. मला तुमचा टॉवेल आठवला. आणि आईनं सांगितलेलं, की तुम्ही स्वतः मेंढरांमागंच वाढलात, कोकणात चाऱ्याला जायचात. मी विचारलं, आजी, तुमची लेकरं बारकी असताना तुमी मेंढरांमागं कोसकोस जायचा, तवा लेकरं कुठं आसायची?

"घोड्यावर," ती म्हणाली. खाली वाकळा, वर भांडी, त्यात खळगा करून लेकरू, एका अंगाला कोंबडी, दुसऱ्या अंगाला कुत्र्याचं पिल्लू, आणि वरून दोरीचा आळा. घाट उतरताना घोडं कितीही उसळलं तरी लेकरू हलायचं नाही, झोपायचं. सांगताना तिचा हात हवेत गाठी मारत होता.

"मग आयच्या मांडीवर का न्हाय?"

"आयच्या हातात काठी आसायची. आन् घोड्याचा काय भरवसा?"

बोलता बोलता तिनं माझ्या गाडीकडं बघितलं. मग काठी टेकत उठली, प्लॅस्टिकचा कागद ओढून काढला आणि सुनेला म्हणाली, "उचल गं. ह्ये बी घोडंच हाय." शेजारणी हसल्या. सीट गाडीत बसवली, पोरीला त्यात ठेवलं, मी पट्टे ओढले. चिमटीत पट्टा येता कामा नये, असं मॅडमनी सांगितलं होतं, तसं करून बघत होतो. तेवढ्यात म्हातारीनं मला बाजूला सारलं, वाकली आणि पोरीच्या गळ्याखाली, पट्ट्यात, एक बोट सरकवलं. बोट गेलं. "जाऊ द्या आता," म्हणाली.

तात्या, ते बोट मी ओळखलं. वहिनी काहीतरी विचारत होत्या आणि मला उगाच गाडीच्या मागं जाऊन टायर बघावा लागला.

त्याला आता काही महिने झाले. एकही बुधवार चुकला नाही. निघण्याआधी मीही आता पट्ट्याखाली एक बोट सरकवून बघतो. पोरगी उलट्या तोंडानं बसते आणि मागं पळणारा रस्ता बघते. परवा लासुर्ण्याजवळ मेंढरं आडवी आली, तर ती बघायला तिनं डोकं उचललं आणि चांगला वेळ धरून ठेवलं. वहिनींनी माझ्या खांद्यावर थाप मारली. स्टेटस मी काढलेलं नाही. आणखी काही सीटा आल्या, एक सांगवीला गेली, एक सुप्याला. न्यायची, वापरायची आणि लेकरू मोठं झालं की पुढच्याला द्यायची. नव्या जिवाला आधी जुनंच अंगडं घालतात आपल्यात, त्यामुळं वापरलेली म्हणून कुणी नाक मुरडत नाही, उलट विचारतात, ज्याची होती ते लेकरू धडधाकट हाय न्हवं? प्रत्येक सीट आधी मॅडमकडं जाते. त्या तपासतात, मी उभा राहतो. परवा त्या अचानक म्हणाल्या, "पुढच्या रविवारी मला निरवांगीला ने, मला त्या आजींना भेटायचंय." ने, म्हणाल्या. न्या नाही. घरी येईपर्यंत मी तेवढंच घोकत होतो. सरांकडंही जायचंय, या वेळी हात रिकामे ठेवून.

त्यानंतर मॅडमनी विचारलं, पट्ट्याखाली बोट घालायचं तुला कुणी शिकवलं? मी म्हणालो, वडिलांनी. त्या म्हणाल्या, छान आठवतात का रे तुला? मी हो म्हणालो. ते काही खरं नव्हतं. तुमचा चेहरा मला भिंतीवरच्या फोटोतलाच माहीत आहे, आणि त्यात तुम्ही कुणा दुसऱ्याच्या लग्नात उभे आहात. माझ्याकडं तुमचं म्हणून एक बोट आहे, छातीच्या डाव्या बाजूला. कागद घडी करून गाडीच्या कप्प्यात ठेवतोय, आईनं जपून ठेवलेल्या तुमच्या टॉवेलखाली. सकाळी बुधवार आहे.